नळी घेण्याआधी टाकीची उंची मोजा

बागेसाठी नळी आणायला हार्डवेअरच्या दुकानात जाणार असाल, तर आधी मोजपट्टी घेऊन गच्चीवर जा. टाकीचा तळ तुमच्या अंगणातल्या नळापासून किती उंच आहे ते मोजा आणि कागदावर लिहून ठेवा. आमच्या कॉलनीत मार्च उजाडला की कुणी ना कुणी दारात येतं, "काकू, नळी कोणती घेऊ?" मी उलट विचारते, "टाकी कुठे आहे?" नळी, पाणी फवारायची गन, ठिबक, टायमर यांतलं तुमच्याकडे काय चालेल आणि काय कोपऱ्यात पडून राहील, हे त्या एका मापावर ठरतं.

मी शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे हिशेबाने सांगते. नाशिकला आमच्याकडे गंगापूर धरणाचं पाणी सकाळी ठरलेल्या वेळी येतं. ते आधी जमिनीतल्या हौदात पडतं, तिथून मोटरीने गच्चीवरच्या टाकीत आणि टाकीतून घरात, बागेत. म्हणजे बागेच्या नळाला मिळणारा दाब हा टाकीच्या उंचीचा दाब. पाण्याची १० मीटर उंची म्हणजे साधारण एक किलो दाब (दर चौरस सेंटिमीटरला), हे धरून चाला. आमचं घर तळमजला आणि वर एक मजला, टाकी गच्चीवर ४ फुटी ओट्यावर. अंगणातल्या नळापासून टाकीचा तळ ७ मीटर. म्हणजे आम्हाला मिळतो पाऊण किलोपेक्षाही थोडा कमी दाब. गच्चीवरच्या कुंड्यांचं गणित तर आणखी तंग. टाकी तिथेच शेजारी, ओटा ४ फुटी, नळीचं तोंड कुंडीच्या काठाशी धरलं की उंचीचा फरक उरतो जेमतेम १ मीटर. एक दशांश किलो!

पितळी गनचा डबा उघडून लोक गच्चीवर नळीला लावतात, दांडा दाबतात आणि पाणी तोंडाशीच ओघळतं. मग म्हणतात, गन खराब निघाली. गन चांगलीच असते. बारीक छिद्रातून पाणी फेकायला जो दाब लागतो, तो तिथे नसतो. गच्चीसाठी मोठ्या भोकांची शॉवरसारखी चाळण घ्या, नाहीतर नळीचं तोंड उघडंच ठेवा आणि कुंडीत एक फुटकं कौल पालथं घालून त्यावर धार सोडा. माती उडत नाही.

अर्धा इंच की पाऊण इंच

दुकानदार बहुधा अर्ध्या इंचाची देतो, कारण ती स्वस्त आणि नळही अर्ध्या इंचाचे. दाब भरपूर असेल तर तीही चालते. पण टाकीवर चालणाऱ्या बागेला पाऊण इंचाची घ्या. तेवढंच पाणी तेवढ्याच लांबीच्या नळीतून न्यायचं तर अर्ध्या इंचात घर्षणाने वाया जाणारा दाब पाऊण इंचापेक्षा सात पटींहून जास्त असतो. मुळात दाबच थोडा, त्यातला बराचसा नळीने खाल्ला तर झाडापर्यंत काय पोचणार?

पटत नसेल तर २० लिटरची बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ घ्या. आमच्या अंगणात ३० मीटरच्या अर्धा इंची नळीने बादली भरायला २ मिनिटं २० सेकंद लागली. तेवढ्याच लांबीच्या पाऊण इंचीने ५५ सेकंद. नळ तोच, टाकी तीच. रोज दहा-बारा बादल्यांएवढं पाणी घालत असाल, तर रोजची पंधरा-सोळा मिनिटं वाचली.

पाऊण इंचीची एक अडचण आहे आणि ती घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी महत्त्वाची आहे. ३० मीटर नळी भरली की तिच्यात साडेआठ लिटर पाणी असतं, अर्धा इंचीत पावणेचार. हे वजन ओढत फिरायचं असतं. म्हणून ३० मीटरचं अख्खं बंडल घेण्यापेक्षा नळापासून सगळ्यात लांबच्या झाडापर्यंत, वळणं धरून, दोरीने माप घ्या आणि त्यात २ मीटर मिळवून तेवढीच कापून आणा. लांबी कमी झाली की घर्षणही कमी होतं.

नळी कशाची, हे दुकानातच तपासता येतं. जेवणाच्या ताटाएवढं वेटोळं करून बघा. दुमडून चपटी झाली तर खाली ठेवा. आत सुताची जाळी असलेली, तीन थरांची नळी हा ताण सोसते. एका थराची पातळ हिरवी नळी पहिल्या उन्हाळ्यात मऊ वाटते, दुसऱ्या उन्हाळ्यात कडक होते आणि वळणावरच चिरते. आरपार दिसणारी नळी छान दिसते, पण उजेड आत गेला की शेवाळ धरतं आणि ते सुटून चाळणीत अडकतं. शेतात वापरतात तो लपेटा पाइप, म्हणजे पाणी नसताना चपटा होऊन गुंडाळला जाणारा, काही जण बागेला आणतात. तो बोअरच्या जोराच्या पाण्यासाठी आहे. टाकीच्या दाबाने तो नीट फुगतही नाही आणि प्रत्येक वळणावर बसतो.

आटे

गळती बहुतेक वेळा नळीच्या अंगात नसते, नळ आणि नळी जिथे भेटतात तिथे असते. आपल्याकडच्या नळांचे आटे, म्हणजे फिरवून बसवायच्या चकत्यांसारख्या खाचा, ब्रिटिश मापाचे. अर्धा इंची म्हटलं तरी आट्यांचा बाहेरचा व्यास भरतो जवळपास २१ मिलिमीटर आणि पाऊण इंचीचा साडेसव्वीस. नवशिक्यांचा गोंधळ इथेच होतो. ते पट्टी लावून मोजतात, २१ मिलिमीटर बघतात आणि पाऊण इंचाचा सांधा घेऊन येतात. पाइपांचं नाव आतल्या पोकळीवरून पडलेलं आहे, बाहेरच्या मापावरून नाही. जुना सांधा काढून दुकानात सोबत न्या, म्हणजे चूक होत नाही.

माझा भाचा न्यू जर्सीला असतो. त्याने मागच्या दिवाळीला येताना तिथून एक सुंदर पितळी नोझल आणलं. तेही पाऊण इंचाचंच म्हणून विकलेलं. आमच्या पाऊण इंची सांध्यावर लावलं तर दीड फेरा फिरलं आणि अडकलं. अमेरिकेत बागेच्या नळ्यांचे आटे वेगळेच असतात. इंचात साडेअकरा आटे, आपल्याकडे पाऊण इंचात दर इंचाला चौदा. जाडीही अर्ध्या मिलिमीटरने जास्त. "मावशी, मी पान्याने बसवतो," म्हणून तो जोर लावायला निघाला होता, मी थांबवलं. जोर लावला असता तर सांध्याचे आटे मारले गेले असते. शेवटी मी नळीच थेट चढेल असा खाचांच्या शेपटीचा सांधा त्याच मापाचा मागवायला सांगितला. तो तिकडे सहज मिळतो. आता त्याचं नोझल वापरात आहे. परदेशातून मुलं-भाचे काही आणणार असतील, तर नोझलसोबत त्याचा नळीकडचा जोडही आणायला सांगा.

आता प्रत्यक्ष जोडणी. तुमच्याकडे नळ आहे, त्यावर बसणारा सांधा आहे (एका बाजूला आटे, दुसऱ्या बाजूला खाचांची शेपटी) आणि नळी आहे. नळीचं टोक धारदार कटरने काटकोनात कापा. कात्रीने कापलं तर तिरकं होतं आणि एका बाजूने खाचा उघड्या राहतात. मग भांडंभर पाणी चहाला ठेवतो तेवढं कडकडीत करा आणि नळीचं दोन बोटं टोक त्यात अर्धा मिनिट बुडवून धरा. आधी टणक असलेलं टोक हाताला चामड्यासारखं मऊ लागतं, रंग किंचित फिका होतो. फडक्याने धरून ते शेपटीवर ठेवा आणि पिळत पिळत पुढे ढकला. पहिली खाच पार होताना "टप्" असं जाणवतं, मग दुसरी, मग तिसरी. नळी सांध्याच्या खांद्याला टेकेपर्यंत थांबू नका. तेल लावू नका. आज चढायला सोपं जातं आणि उद्या तितकंच सोपं सुटून येतं. क्लिप मात्र आधीच नळीवर सरकवून ठेवा. हे विसरलं की सगळं काढून पुन्हा करावं लागतं.

क्लिप स्टीलची घ्या, साध्या पत्र्याची एका पावसाळ्यात गंजते. टोकापासून अर्धा सेंटिमीटर आत, खाचांच्या बरोबर वर बसवा आणि नळी क्लिपच्या कडेला किंचित फुगेपर्यंतच आवळा. बरेच माळी क्लिपऐवजी बांधायची तार पिळतात. तार महिनाभर धरते आणि मग नळीतच रुतून तिला कापते. घाईच्या वेळी तारेपेक्षा सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळलेली कितीतरी चांगली.

टेफ्लॉन टेप फक्त बाहेरच्या आट्यांवर लावायची. आट्यांचं तोंड तुमच्याकडे करा, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ताणून पाच-सहा फेरे द्या. उलट गुंडाळली तर सांधा फिरवताना टेप सुटून गोळा होते. आणि ज्या जोडात आत रबरी वायसर बसतो तिथे टेपचा उपयोग नाही. तिथे पाणी वायसर अडवतो. तो कडक झाला असेल तर बदला, दोन-पाच रुपयांची वस्तू आहे. सेकंदाला एक थेंब गळत असेल, तर दिवसाला चार लिटरांहून जास्त पाणी जातं. उन्हाळ्यात तेवढ्यात आठ कुंड्या निघतात.

क्लिप न लावण्याची किंमत मी मोजली आहे. काही वर्षांपूर्वी घरी सत्यनारायणाची पूजा होती. सकाळी घाईत नळी नुसतीच नळावर चढवली, टोकाला गन बंद आणि नळ उघडा. आत पूजा चालू असताना नळी निसटली आणि हजार लिटरची टाकी जाईजुईच्या आळ्यात रिकामी झाली. पन्नास माणसं जेवायची आणि घरात हात धुवायला पाणी नाही. त्यानंतर दोन गोष्टी केल्या. एक, गनचा दांडा सोडून नळ उघडा ठेवणं घरात पूर्ण बंद. दाबाखाली उन्हात पडलेली नळी आज ना उद्या सांध्यातून सुटते. दुसरी मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते: बागेसाठी टाकीला वेगळं भोक पाडून घ्या आणि ते घरच्या पाइपच्या तोटीपेक्षा एक फूट वर घ्या. प्लंबरचं तासाभराचं काम आहे. बागेचा नळ रात्रभर उघडा राहिला तरी खालचं एक फूट पाणी घरासाठी शिल्लक राहतं. उंची मोजताना मात्र मग त्या नव्या भोकापासून मोजा.

ठिबक

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षांचं. आबा मातीची मूठ वळायचे, मग अंगठ्याने दाबायचे. मूठ वळली आणि दाबल्यावर फुटली, की म्हणायचे "वाफसा आहे". मातीत पाणीही आहे आणि हवाही आहे. मुळांना दोन्ही लागतात. नळीने धो-धो पाणी घातलं की हवा निघून जाते, पुढचे दोन दिवस नुसता चिखल आणि तिसऱ्या दिवशी भेगा. ठिबकने वाफसा टिकतो, म्हणून मी कुंड्या आणि अंगणातली मोठी झाडं ठिबकवर घेतली आहेत. नळी फक्त वाफ्याला आणि पानं धुवायला.

नाशिक, जळगाव, सांगली, सोलापूर अशा भागांत राहत असाल, तर घरच्या बागेची तयार पेटी मागवू नका. शेतीच्या दुकानात जा. तिथे १६ मिलिमीटरची काळी लॅटरल (झाडांच्या ओळीतून फिरणारी बारीक नळी) मीटरवर, ड्रीपर (तिच्यातून थेंब थेंब पाणी सोडणारी तोटी) नगावर मिळतात आणि काही बिघडलं तर तोच तुकडा पुन्हा मिळतो. इथेही टाकीची उंची सांगा. सगळीकडे सारखंच पाणी देणारे, आत रबरी पडदा असलेले ड्रीपर चांगले असतात, पण त्यांना ठरावीक दाब लागतो. टाकीच्या पाण्यावर ते नीट चालत नाहीत. साधे, उघडून धुता येणारे, तासाला ४ लिटरचे ड्रीपर घ्या.

हिशेब असा. ३० कुंड्यांना प्रत्येकी एक ड्रीपर म्हणजे तासाला १२० लिटर, मिनिटाला २ लिटर. डब्यावरचा आकडा मात्र पूर्ण दाबाचा असतो. टाकीच्या दाबावर तेवढं पडत नाही. म्हणून पहिल्या दिवशी जवळच्या, मधल्या आणि शेवटच्या ड्रीपरखाली एकेक पेला ठेवा, १५ मिनिटांनी मोजा आणि त्यावरून वेळ ठरवा. माझ्या शेवटच्या कुंडीला पहिल्या कुंडीच्या निम्मंच पाणी मिळत होतं. लॅटरल एका टोकाऐवजी मधून जोडली, दोन्हीकडे पाणी वाटलं गेलं आणि फरक जवळपास मिटला.

नळानंतर लगेच जाळीचा फिल्टर हवाच. टाकीच्या तळाला बसलेला गाळ आणि शेवाळाचे तुकडे ड्रीपरचं पहिलं भोक बंद करतात. लॅटरलच्या शेवटचं झाकण पंधरा दिवसांनी काढून पाणी मोकळं सोडा. आधी तपकिरी येतं, मग स्वच्छ. बोअरचं पाणी असेल तर क्षार जमतात. असे ड्रीपर काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा आणि सकाळी जुन्या ब्रशने घासा. व्हिनेगर किंवा कोणतंही ॲसिड आणि ब्लीचिंग यांना एकत्र येऊ देऊ नका, विषारी वायू होतो.

टायमर घेताना बहुतेक जण फसतात. बॅटरीवरचे टायमर दोन जातींचे. एकात पडद्याचा व्हॉल्व्ह असतो, तो उघडायला पाण्याचा दाब लागतो. टाकीच्या पाण्यावर तो कधी उघडतो, कधी अर्धवट उघडतो, कधी बंदच होत नाही. दुसऱ्यात छोटी मोटर गोल बॉल व्हॉल्व्ह फिरवते, त्याला दाब लागतच नाही. टाकीवर हाच घ्या. डब्यावर "शून्य दाबावर चालतो" असं लिहिलेलं शोधा, नसेल तर विचारा.

कारंज्यासारखे फिरणारे स्प्रिंकलर टाकीवर चालत नाहीत. लॉन असेल आणि ते हवेच असतील तर पंप लागेल. झारीबद्दल एवढंच: रोपवाटिकेसाठी तिची चाळण वर तोंड करून लावा, म्हणजे पाणी आधी वर जाऊन मग पावसासारखं पडतं आणि कोवळी रोपं आडवी होत नाहीत.

पाणी घालताना

एप्रिल-मे मध्ये उन्हात पडलेल्या नळीतलं पहिलं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं. ते बादलीत काढा, हाताला गार लागेपर्यंत. मी शक्यतो सूर्य वर यायच्या आत पाणी घालते. मोठ्या झाडाचं आळं खोडाला चिकटून करू नका. पाणी पिणारी बारीक मुळं बाहेर, फांद्यांच्या टोकाखाली असतात. आळं तिथपर्यंत रुंदवा आणि खोडाशी मातीचा उंचवटा ठेवा. कुंडीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसा. कोरडं लागलं तरच पाणी.

शेणखताच्या किंवा औषधाच्या बादलीत नळीचं तोंड बुडवून ठेवून जाऊ नका, विशेषतः नळ थेट महापालिकेच्या लाइनवर असेल तर. पाणी गेलं की लाइनमध्ये ओढ तयार होते आणि बादलीतलं पाणी उलटं पाइपात शिरतं. तेच मग कुणाच्या तरी पिण्याच्या भांड्यात येतं. नळीचं तोंड पाण्याच्या वर, चार बोटं तरी अंतरावर धरा आणि अशा नळाला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारी झडप, बसवून घ्या. नळीतलं पाणी लहान मुलांना पिऊ देऊ नका. कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एकदा कोरड्या करा, डेंग्यूचे डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात होतात.

मृग लागला आणि दोन चांगले पाऊस झाले की मी नळी सोडवते. एक टोक उंच धरून चालत गेलं की आतलं पाणी निघून जातं. मोठी वेटोळी करते आणि भिंतीला लावलेल्या सायकलच्या जुन्या रिमवर टांगते. खिळ्याला टांगली तर तिथेच दुमडते आणि दिवाळीत काढाल तेव्हा त्याच घडीवर फुटते. टायमरमधले सेल काढून ठेवते. ड्रीपर, दोन जादा क्लिपा, टेपचं रीळ आणि अर्धा व पाऊण इंचाचे वायसर एका बरणीत, वर माप लिहिलेली चिठ्ठी चिकटवून, आणि बरणी नळाच्याच वरच्या कोनाड्यात.